वाटीतलं पाणी हललं का?

दर महिन्याच्या एक तारखेला जिन्यात अडवून माझं वजन विचारणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला. तो माझा घरमालक. मी मिरजेहून नोकरीसाठी बडोद्याला आलो, पादऱ्याच्या रस्त्यावरच्या एका कारखान्यात लागलो आणि रावपुऱ्यातल्या एका गल्लीत वरच्या मजल्यावरची खोली घेतली. तेव्हा भाड्याच्या बोलण्यात वजनाचा विषय कुठेही निघाला नव्हता.

"अडुसष्ट," मी म्हणायचो.

"मागच्या वेळी सदुसष्ट होतं."

"दिवाळी झाली ना, काका."

"नोंद करतो," ते म्हणायचे, आणि कानावरची पेन्सिल काढून खरंच करायचे.

घर अरुंद आणि उंच होतं. खाली फोटोंना फ्रेमा करून देणाऱ्याचं दुकान, मधल्या मजल्यावर काका-काकू, वर मी. माझा जिना त्यांच्या पुढच्या खोलीतून वर जायचा, त्यामुळे त्यांच्या हातून निसटणं शक्यच नव्हतं. घर काकूंच्या वडिलांचं. काका लग्नानंतर तिथे राहायला आले ते आलेच. "मी घरजावई नाही," असं ते पहिल्याच भेटीत कोणी न विचारता सांगत. "मी इथली देखभाल बघतो."

त्यांनी कुठल्याशा मोठ्या प्लांटमध्ये तपासणी खात्यात छत्तीस वर्षं काढली होती. तिथे त्यांचं काम एकच, दुसऱ्याने केलेलं काम अजून झालेलं नाही असं त्याला सांगणं. हे त्यांना इतकं उत्तम जमायचं म्हणे की लोक त्यांची जीप दिसली की चहाला पळायचे. मग ते रिटायर झाले. सांगायला कोणी उरलं नाही. काही दिवस त्यांनी दूधवाल्याचं माप, सोसायटीच्या बँकेतल्या बाकांचे पाय, देवळातल्या घंटेची साखळी असलं काहीबाही तपासून बघितलं, पण पोट भरेना. शेवटी नजर खाली गेली, आणि पायाखाली अख्खी जमीन सापडली.

मधल्या मजल्याची जमीन लाकडाची होती. खाली जाड तुळया, त्यांवर आडव्या फळ्या. फळ्या सुकून सुकून त्यांच्यात बोटबोट फटी पडलेल्या. काकूंचे गुडघे गेले होते, त्या वॉकर धरून चालायच्या, आणि त्या वॉकरचा पाय मेला बरोबर फटीत जाऊन बसायचा. त्यांचा पलंग मागच्या खोलीत, आणि रस्त्यावर उघडणारी खिडकी पुढच्या. त्या खिडकीत बसून भाजीवाल्या बेनशी घासाघीस करायची, दोरीला बांधलेली टोपली खाली सोडून कोथिंबीर वर ओढायची, कोण कोणाच्या स्कूटरवर मागे बसून गेलं ते बघायचं, एवढाच त्यांचा दिवस होता.

"मला काही राजवाडा नको आहे," काकूंनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. "पलंगापासून खिडकीपर्यंत सपाट जमीन हवी. कोणाचा हात न धरता माझं मला जाता आलं पाहिजे. बस. माझ्या बापाच्या घरात मला तेवढंही लाभू नये?"

म्हणून टाइल बसवायच्या ठरल्या होत्या. रंग काकूंनी निवडला होता, बेसनाच्या लाडवाचा. चकाकी नाही, पाय घसरणार नाही. तीन खोल्या आणि मधला बोळ मिळून बेचाळीस पेट्या आल्या. पादऱ्याचे कनुभाई मिस्त्री येऊन बघून गेले आणि म्हणाले, "पंदर दिवसमां रेडी." मी राहायला आलो तेव्हा त्या पंधरा दिवसांना एक वर्ष होऊन गेलं होतं, आणि एकही टाइल पेटीबाहेर निघाली नव्हती.

कारण तयारी चालू होती.

काकांच्या तोंडी हा शब्द असा यायचा की समोरच्याने पायातल्या चपला काढाव्यात. "टाइल लावणं हे हमालाचं काम आहे," ते म्हणत. "तयारी हे माणसाचं. लाकूड हलतं. टाइल हलत नाही. हलणाऱ्यावर न हलणारं बसवायचं, तर आधी हलणाऱ्याला समजवावं लागतं. नाहीतर तडा. एका वर्षात तडा!" हे त्यांनी मला सांगितलं, गॅसचं सिलिंडर आणणाऱ्याला सांगितलं, मतदारयादी तपासायला आलेल्या बाईंना सांगितलं. त्या बाई बिचाऱ्या "हो, हो" म्हणत यादीतल्या नावांऐवजी जमिनीकडे बघत जिना उतरल्या.

आणि बोलणं चुकीचं नव्हतं, हीच तर पंचाईत. त्यांनी जुन्या फळ्यांचे सगळे खिळे उपसून काढले आणि तिथे स्क्रू मारले, कारण खिळा कालांतराने सैल होतो. बरोबर. तुळयांना वाळवी लागली आहे का ते टोचून बघितलं. तेही बरोबर. दोन तुळयांच्या मध्ये आडवे लाकडी ठोकळे घालून घेतले, वर प्लायवूड टाकलं, दोन प्लायच्या मध्ये रुपयाच्या नाण्याएवढी फट सोडली. सगळं बरोबर. मग एका पहाटे त्यांना वाटलं की प्लाय फळ्यांना आडवं पडायला हवं होतं आणि आपण ते उभं टाकलंय. सगळं उखडलं. पुन्हा टाकलं. मग मधल्या एका प्लायचा आवाज बद्द येतोय असं वाटलं. पुन्हा उखडलं. उपसलेले खिळे मात्र त्यांनी टाकले नाहीत. रोज दुपारी एका लोखंडी पट्टीवर ठेवून ते एकेक खिळा हातोडीने सरळ करीत आणि चहाच्या डब्यात भरून ठेवीत. कशासाठी, ते विचारायची हिंमत मला झाली नाही.

घरात ते कंबरेला पट्टा लावलेली पॅन्ट, वर नुसता बनियन आणि गळ्यात दोरीला टांगलेली बॅटरी, अशा वेषात असत. हातात सपाटी बघायची पाणसळ. जमिनीवर पालथे पडून एक डोळा मिटून बघण्याची त्यांना इतकी सवय झाली होती की मी कामावरून परत यायचो तेव्हा आधी त्यांचे तळवे दिसायचे.

करकरणाऱ्या फळ्यांना त्यांनी नंबर दिले होते. खडूने लिहून ठेवलेले. एकूण एकतीस. "काल सकाळी चौदा नंबर साडेसहाला बोलला. ऑफिस लवकर होतं का?" असं विचारायचे. खाजगी आयुष्य म्हणून काही राहिलंच नव्हतं. पण गंमत म्हणजे काही महिन्यांत मलाही ते नंबर कळायला लागले. वर खोलीत चहा पीत बसलेलो असताना खालून आवाज यायचा आणि मी मनात म्हणायचो, नऊ. चौदा. सतरा. बावीस. काकू पलंगावरून निघून खिडकीशी पोचल्या.

सगळ्यात मोठी परीक्षा वाटीची. स्टीलची वाटी काठोकाठ पाण्याने भरायची, खोलीच्या मध्यभागी ठेवायची आणि मला चालायला लावायचं. "नेहमीसारखं चाला. जावई आल्यासारखं नको." मी चालायचो. काका वाटीला गाल टेकवून पडलेले असायचे. "पाणी हललं का?" हा प्रश्न ते मला, स्वतःला आणि बहुधा वाटीलाही विचारायचे. हलायचंच. "नापास," म्हणायचे, आणि त्यांचा चेहरा उजळायचा. शपथेवर सांगतो, उजळायचा!

संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाला तर त्यांनी कहर केला. काकूंनी दोन वर्षांनी घरात बायका बोलावल्या होत्या. काकांना कळलं की अठरा बायका येणार आणि एकाच खोलीत बसणार, तेव्हा त्यांना जी काही लॉटरी लागली! सकाळपासून त्यांनी जमिनीवर तुळयांच्या रेघा आखल्या, त्यांवर सतरंज्या अंथरल्या आणि कोणी कुठे बसायचं याच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. एवढं कमी म्हणून की काय, संध्याकाळी स्वतः दारात वही घेऊन उभे राहिले.

"या, या. सौभाग्यवती भव. वजन?"

पहिल्या आलेल्या बाईंना वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"अंदाजे चालेल," काका म्हणाले.

मी जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून हे सगळं पाहिलं आणि तोंडात रुमाल कोंबला. एका बाईंनी पन्नास सांगितलं. त्यांच्या मागच्यांनी, त्या पहिलीच्या दीडपट होत्या, एकोणपन्नास सांगितलं. तिसऱ्या म्हणाल्या, "तुमच्या आईचं विचारून ठेवलं होतंत का कधी?" आणि वाण न घेताच परत वळल्या. काकू आतून ओरडत होत्या, "अहो, लाज आहे का काही!" पण त्या पलंगावरून उठून येईपर्यंत सात नोंदी झाल्या होत्या. शेवटी काकांनी मध्येच सगळ्यांना "एकदम उठा, एकदम बसा" सांगितलं यावरून बायका भडकल्या आणि भराभर निघून गेल्या.

रात्री जेवताना काका काकूंना म्हणाले, "चाचणी रद्द करावी लागेल. आकडे खोटे आहेत."

काकू त्यांच्याशी आठ दिवस बोलल्या नाहीत. त्यांनी त्याचीही नोंद केली असावी.

आता मुख्य गोष्ट. तयारी अडली होती ती पोटावर. काका भिंतीपासून भिंतीपर्यंत सूत ताणून धरीत आणि जमीन कुठे खाली गेलीय ते मोजीत. सुतापासून जमीन जिथे अर्धं बोट खाली, ते पोट. पोटावर टाइल बसवली की तडा. म्हणून आधी पोट काढायचं. खिडकीकडे पोट सापडलं, तर कनुभाईंनी तिथल्या तुळयांना बाजूने नवीन लाकूड जोडलं. आठ दिवसांनी सूत धरलं, तर खिडकीकडे सपाट आणि पोट खोलीतल्या झोपाळ्याखाली! तिथे लाकूड जोडलं. पुन्हा सूत. आता पोट बोळाच्या तोंडाशी. असं ते पोट वर्ष-दीड वर्ष खोलीभर हिंडत होतं.

"काका, आ पेट तो फरे छे," कनुभाई घाम पुसत म्हणाले. "लादी लगावी दईए. पछी बधुं बेसी जशे."

"बसेल! तुमचं बसेल, माझं नाही बसणार!" काका कडाडले. 'बेसी जशे' म्हणजे सगळं आपोआप बसेल, या दोन शब्दांवर त्यांचा सगळ्यात जास्त राग होता. कनुभाईंनी पुढच्या वेळी येताना लिंबू-मिरची आणून तुळईला बांधली. या घरात काहीतरी आहे, असं त्यांनी मला जिन्यात कुजबुजून सांगितलं.

आणि हे सगळं मी दर सोमवारी कँटीनमध्ये सांगायचो. लपवत कशाला? बडोद्यात मला कोणी ओळखत नव्हतं, गुजराती धड येत नव्हतं, टेबलावर मी कोपऱ्यात बसायचो. काकांनी मला माणसात आणलं. आधी दोघं ऐकायचे, मग सहा, मग शेजारचं टेबल खुर्च्या फिरवून बसायला लागलं. "शुं थयुं काकानुं? लादी लागी?" मी त्यांचा आवाज काढायचो. पालथा पडून दाखवायचो. हळदीकुंकवाचा भाग तर मला तीन वेळा सांगावा लागला, तिसऱ्यांदा खुद्द मॅनेजरसाठी.

मग एका रविवारी मला दिसलं.

मी वर निघालो होतो. काकांनी अडवलं, सुताचं एक टोक माझ्या हातात दिलं. पोट या वेळी मागच्या खोलीच्या दाराजवळ होतं. आकडा घेऊन काका नेहमीसारखे तिथल्याच पेट्यांवर जाऊन बसले आणि वही मांडीवर घेऊन लिहायला लागले.

पेट्यांवर.

त्या बेचाळीस पेट्या दोन वर्षं खोलीतच होत्या. खाली दुकानात जागा नव्हती म्हणून नव्हे. 'साहित्याला घराची सवय व्हायला पाहिजे' हा काकांचा नियम होता. लाकडाच्या बाबतीत तो खराही असेल, त्यांनी तो टाइललाही लावला होता. जिथे काम चालू असेल तिथून पेट्या उचलून दुसरीकडे रचायच्या. खिडकीकडे काम, तर पेट्या झोपाळ्याखाली. झोपाळ्याखाली काम, तर बोळाच्या तोंडाशी. एकेक पेटी उचलताना माणसाची कंबर धरायची, इतकी जड. आणि रचून झाल्यावर बसायच्या उंचीच्या, म्हणून काका लिहायला त्यांवरच बसायचे. इतके दिवस बसले की त्या त्यांना पेट्या म्हणून दिसायच्याच बंद झाल्या होत्या. ती त्यांची खुर्ची होती. जमीन वाकत होती ती त्या खुर्चीने, आणि जमीन का वाकते याची नोंद ते तिच्यावर बसून करत होते!

मला हसू असं फुटलं की मी खोकल्याचं नाटक केलं.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

सांगायला तीन शब्द पुरले असते. काका, पेट्या हलवा. ते तीन शब्द जिभेवर आले होते, खोटं कशाला बोलू. पण उद्या सोमवार होता. आणि मला वाटलं, दोन वर्षं गेलीच आहेत, अजून एखादा आठवडा गेला तर काय बिघडतं?

"काही नाही. धूळ," मी म्हणालो आणि वर गेलो.

वर गेल्या गेल्या मी मिरजेच्या मित्राला फोन लावला आणि पोट धरधरून हसत सगळं सांगितलं. सोमवारी कँटीनमध्ये तर लोक टेबलं बडवत होते. एकाला ठसका लागला. मग पुढच्या सोमवारी काय, तर काकांनी त्या नव्या पोटाला नवीन लाकूड जोडलं. त्याच्या पुढच्या सोमवारी पेट्या पुन्हा खिडकीकडे आल्या आणि पोट पुन्हा खिडकीकडे. आता गोष्ट जास्तच रंगत होती, कारण ऐकणाऱ्यांना ठाऊक होतं आणि काकांना नव्हतं. असे पाच सोमवार गेले.

पाचव्या आठवड्यातल्या शनिवारी मला सुट्टी होती. सकाळी अकराचा सुमार, खाली भाजीवाली बेन ओरडत होती. काका स्क्रू आणायला बाहेर गेलेले. मी वर दाढी करत होतो. खालून आवाज आला. नऊ. थोड्या वेळाने चौदा. मी ब्रश धरून उगाच सतराची वाट बघत राहिलो.

सतरा बोललाच नाही. नुसता धप्प आवाज झाला, मग वॉकर आपटल्याचा.

मी तसाच साबणाच्या तोंडाने खाली धावलो. काकूंच्या वाटेवरचं एक प्लाय काकांनी आदल्या दिवशी उखडून ठेवलं होतं. उरलेल्या प्लायच्या कडेवरून वॉकरचा पुढचा पाय खाली गेला होता. काकू कुशीवर पडल्या होत्या. ओरडत नव्हत्या. "तिला थांबव," त्या मला म्हणाल्या. "मेथी घ्यायची आहे."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून काकांसोबत मी घरी आलो. ते पुढच्या खोलीत गेले, सवयीने पेट्यांवर बसले, वही काढली, आणि काहीच लिहीनात. पेन्सिल हातात धरून बसून राहिले. तेव्हा मी म्हणालो.

"काका, पेट्या हलवून बघा."

त्यांनी वही मिटली. मग हळूच उठले आणि जिथे बसले होते त्या जागेकडे बघितलं.  

दुसऱ्या दिवशी कनुभाई आणि दोन माणसं लावून पेट्या खाली रस्त्यावर उतरवल्या. काकांनी सूत धरलं. जमीन सरळ होती. उलट दीड वर्ष इतकं लाकूड जोडलं होतं की त्या जमिनीवर हत्ती बांधला असता तरी चाललं असतं. "एका जागी रचल्या म्हणून वाकत होती," काका स्वतःशीच म्हणाले. "पसरल्या की वजन वाटलं जाणार होतं. लावल्या असत्या तरी..." पुढचं त्यांनी गिळलं. कनुभाई सज्जन माणूस, 'मी सांगत होतो' असं म्हणाले नाहीत. सिमेंटचे पातळ बोर्ड, त्यावर टाइल, सांधे भरणं, सगळं मिळून नऊ दिवस लागले. नऊ!

पण डॉक्टरांनी काकूंना जिना बंद केला. जिना चढायचा नाही म्हणजे घरी यायचंच नाही. निजामपुऱ्यात राहणाऱ्या त्यांच्या मुलीने त्यांना आपल्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नेलं. बेसनाच्या लाडवाच्या रंगाची जमीन रावपुऱ्यात तयार झाली आणि तिच्यावर चालायला एकटे काका उरले.

आणि या माणसाने माझ्यावर सूड काय घ्यावा? ते माझं कौतुक करत सुटले! जो भेटेल त्याला सांगायचे, "मी दोन वर्षं शोधत होतो. छत्तीस वर्षांचा अनुभव. आणि या पोराने एका नजरेत ओळखलं. एका नजरेत!" वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी लिहून ठेवलं होतं, 'कारण: पेट्या. शोध: वरच्या मजल्यावरचे भाडेकरू.' हे पान गॅसवाल्याने वाचलं, फ्रेमवाल्याने वाचलं. मला बघितलं की फ्रेमवाला मान हलवून "वाह, साहेब" म्हणायचा. माझ्या अंगाची आग व्हायची. सोमवारी कँटीनमध्ये विचारलं, "शुं थयुं?" तर मी म्हटलं, लादी लागली. संपलं. ते जरा हिरमुसले आणि क्रिकेटवर बोलायला लागले.

काकूंना भेटायला मी महिना टाळलं, मग गेलो. निजामपुऱ्यातली खिडकी पार्किंगकडे उघडत होती. काकू तिथे बसल्या होत्या, बघण्यासारखं काही नव्हतं तरी.

"ये. बस. टाइल कशा दिसतात?"

"छान दिसतात, काकू."

"रंग?"

"लाडवासारखाच."

त्यांनी मान डोलावली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बुडाखाली म्हणाला होतास तू. 'काका विचारतात पोट कुठे गेलं, अहो तुमच्या बुडाखाली!' मी पण हसले होते."

मी चमकून त्यांच्याकडे बघितलं.

"तुझ्या खोलीची जमीन पण लाकडीच आहे, बाबा. फोनवर मोठ्याने बोलतोस. सगळं ऐकू येतं खाली."

"मग तुम्ही का नाही सांगितलंत त्यांना?"

"सांगितलं की. त्याच संध्याकाळी. म्हटलं, त्या पेट्या हलवून बघा. म्हणाले, तुला त्यातलं काय कळतंय." काकूंनी पदराचं टोक सरळ केलं. "तू कारखान्यातला. तुझं ऐकलं असतं. ऐकलंच ना शेवटी? मला वाटलं, सांगशील. आज नाही तर उद्या. पोरगा चांगला आहे. रोज तू जिन्यात थांबलास की मी कान देऊन बसायचे, आता बोलेल म्हणून."

"काकू, चुकलं माझं," मी म्हणालो. माझा आवाज मलाच केविलवाणा वाटला. "मी काकांना खरं सांगतो. आजच."

"काही सांगायचं नाही." त्या पहिल्यांदाच कडक बोलल्या. "त्यांना वाटतंय तू हुशार आहेस. तेवढं एकच सुख राहिलंय त्यांना. ते तू आता काढून घेणार?"

तेवढ्यात काका आले. रोज संध्याकाळी रावपुऱ्यातून रिक्षाने यायचे. चपला काढल्या, मला बघून खूश झाले, आणि तीन पावलं चालताच थबकले. वाकून त्यांनी बोटाच्या पेराने टाइल ठोकली. ठक्क ठक्क. पुढची ठोकली. ठब्ब.

"पोकळ!" ते म्हणाले. "बघितलंत? तयारी नाही केलेली. अहो, एक वाटी द्या कोणीतरी."

त्यांनी स्वतःच स्वयंपाकघरातून काठोकाठ भरलेली वाटी आणली, मध्यभागी ठेवली आणि गाल टेकवून पालथे पडले. दोन महिन्यांत ते खूप वाळले होते. बनियनऐवजी बाहेरचा शर्ट होता, तो खांद्यावर ओघळला होता.

"चाला जरा," ते मला म्हणाले. "नेहमीसारखं."

मी खिडकीपासून दारापर्यंत चाललो. खालून काहीच आवाज येत नव्हता, ना नऊ, ना चौदा.

"पाणी हललं का?" काकांनी एक डोळा मिटून विचारलं. "तुमची नजर चांगली आहे, तुम्हीच सांगा. हललं का?"

"त्याला कशाला विचारता?" काकू खिडकीतून म्हणाल्या. "त्याला दिसतं सगळं. सांगत नाही तो."

काका पडल्या पडल्या खो खो हसले. मग उठून बसले, कानावरची पेन्सिल काढली आणि ते वाक्य आवडलं म्हणून वहीत लिहून घेतलं.